सोपाऱ्याचं लाकूड, लंडनचं फळ

हल्ली सुगंधी तेलाच्या बोटभर बाटलीबरोबर तिची कुंडलीही मिळते. डाळिंब, अंजीर, चंदन, देवदार अशी नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे त्याचा अर्थ: डाळिंब म्हणजे समृद्धी, अंजीर म्हणजे जाण, चंदन म्हणजे शांती. तेल मनगटावर फिरवायचं आणि एवढं सगळं अंगावर घेऊन कामाला निघायचं. फळ आणि लाकूड ही जोडी सध्या फार खपते. मुंबईच्या मॉलमध्ये खपते तशी वसई पूर्वेला गोखिवऱ्याच्या नाक्यावरही खपते. पण त्या बाटलीतले हे दोघे एका कुळातले नाहीत. लाकूड दोन हजार वर्षांचं घराणं सांगतं, आणि त्याची एक फार जुनी गोष्ट गोखिवऱ्याच्या शेजारचीच आहे. फळ मात्र परवा-परवा आलं, तेही लंडनहून, आणि ज्या द्रवातून ते निघालं त्याचा वास घेववत नाही.

गोखिवरे म्हटलं की आज गाळे, टेम्पो आणि पाठीमागचा तुंगारेश्वरचा डोंगर डोळ्यांसमोर येतो. इथून वसई रोड स्टेशन गाठलं आणि विरारकडची गाडी धरली की पुढचंच स्टेशन नालासोपारा. स्टेशनाच्या पश्चिमेला जुनं सोपारा, म्हणजे शूर्पारक. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वाटाड्या-पुस्तकात, ‘पेरिप्लस’मध्ये, कल्याणच्या आधी या बंदराचं नाव येतं. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे इथे सापडले. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा ढिगारा खणला, तेव्हा आतून स्तूप निघाला. त्यात दगडी पेटी, पेटीत एकात एक बसवलेले करंडे, बुद्धाच्या आठ मूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं. तो ऐवज आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

या बंदरातल्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा ‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथात आहे. पूर्ण हा सोपाऱ्यातल्या एका श्रीमंत गृहस्थाचा दासीपुत्र. बाप वारल्यावर सावत्र भावांनी वाटणी केली आणि पूर्णाला काही ठेवलं नाही. थोरल्या भावजयीच्या मुलांना खायला आणायला म्हणून तो बाजारात निघाला, तर समोरून एक मोळीविक्या कुडकुडत येत होता. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली लाकडं त्याने गोळा केली होती आणि आपल्याला एवढी थंडी का वाजते हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. पूर्णाने मोळी चाचपली. त्यात गोशीर्ष चंदन होतं, अंग गार पाडणारं, चंदनांतलं सर्वात भारी. त्याने पाचशे कार्षापणांना (त्या काळची नाणी) सौदा ठरवून ते घेतलं आणि करवतीने चार तुकडे केले. नुसत्या भुशाचे हजार कार्षापण आले, आणि त्यातले पाचशे त्याने मोळीविक्याला दिले. पुढे सोपाऱ्याच्या राजाला दाहज्वर झाला. वैद्यांनी गोशीर्षाचा लेप सांगितला आणि गावभर शोध घेतल्यावर ते फक्त पूर्णाकडे सापडलं. राजा बरा झाला आणि पूर्ण नगरातली बडी असामी झाला.

कथेचा उत्तरार्ध आणखी गंधाळ आहे. पूर्ण भिक्षू होतो. त्याचा भाऊ जहाज घेऊन दूरच्या चंदनबनात जातो. पाचशे कुऱ्हाडी चालू लागतात, तसा त्या बनाचा राखणदार यक्ष चिडून वादळ उठवतो. पूर्ण भावाला वाचवतो, चंदन सोपाऱ्याला आणतो आणि त्या लाकडाचा ‘चंदनमाल’ नावाचा प्रासाद बांधून बुद्धाला बोलावतो. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात उजव्या भिंतीवर ही कथा रंगवलेली आहे. वादळात सापडलेलं जहाज त्यात ओळखू येतं.

गोष्ट चमत्काराची आहे, पण बाजार खरा आहे. लाकूड समुद्रावरून येतं, वजनावर नव्हे तर गुणावर विकलं जातं, त्याचा भुसाही वाया जात नाही, आणि किंमत ठरते ती अंगाला लावल्यावर काय होतं त्यावरून. चंदन म्हणजे शांती असं आजच्या बाटलीवर छापतात, त्याचं मूळ इथे सापडतं. शूर्पारकात ती शांती कुणी प्रतीक म्हणून सांगत नव्हतं. तापलेल्या राजाच्या अंगावर ओला लेप बसला आणि दाह उतरला, एवढाच त्याचा अर्थ होता. आधी गुण, मग गुणाचं प्रतीक, आणि शेवटी प्रतीकाची छापील चिठ्ठी असा हा प्रवास झाला.

त्या काळात सुवास अंगावर घालायचा म्हणजे प्रामुख्याने लेप, चूर्ण, धूप आणि तेल. तेलात वास उतरवायची रीत साधी होती. तिळाचे आणि ताज्या फुलांचे थर एकावर एक द्यायचे, फुलं कोमेजली की बदलायची, तिळाने वास पुरेसा ओढला की ते घाण्यावर घालायचे. यातून निघालं ते फुलेल. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात राजाच्या स्नानाला, विलेपनाला आणि धुपाला वेगवेगळी प्रकरणं आहेत. राजाने रोज काय भोगावं याची ती यादी वाचताना दमायला होतं.

सुगंधाचं शास्त्र किती काटेकोर होतं हे पाहायचं तर सहाव्या शतकातल्या वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ उघडावी. त्यात गंधयुक्तीचा अध्याय आहे. सोळा द्रव्यं घ्या, त्यातली कोणतीही चार निवडा आणि त्यांना एक, दोन, तीन, चार असे भाग फिरवून द्या. किती सुगंध होतील? वराहमिहिर आकडा देतो: 1,74,720. सोळातून चार निवडायचे 1,820 प्रकार, आणि प्रत्येक चौकडीचे त्याच्या रीतीने 96 मेळ. गुणाकार करून पाहा, बरोबर येतो. ज्योतिषी माणूस, त्याने सुगंधाचंही गणित मांडलं. जोडीला सोळा घरांचा एक चौकोनही दिला, ज्याच्या कोणत्याही ओळीतल्या भागांची बेरीज अठराच येते.

मराठी वाचकाला या शास्त्रात एक हक्काचं घर आहे आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत परशुराम कृष्ण गोडे हे अनेक वर्षं क्युरेटर होते. हस्तलिखितं चाळता चाळता त्यांना गंगाधर नावाच्या लेखकाचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ हे दोन ग्रंथ सापडले. 1940 च्या दशकात त्यांनी त्यांवर निबंध लिहिले. ‘गंधवादा’ला चक्क मराठी टीका आहे. गोड्यांनी तिचा काळ साधारण 1350 ते 1550 यांच्यामध्ये ठरवला. म्हणजे ज्ञानेश्वरांनंतर आणि एकनाथांच्या आगेमागे कुणीतरी मराठी माणूस सुगंधी द्रव्यं कशी बनवावीत हे आपल्या भाषेत समजावून देत होता. अभंगाच्या आणि ओवीच्या पलीकडे जुन्या मराठीत काय काय होतं, याचा हा एक वासाचा पुरावा. दोन्ही ग्रंथ 1989 मध्ये बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने छापले.

‘गंधसारा’त सुगंध बनवायच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. चूर्ण रसात भिजवायचं, शिजवायचं, निजलेला वास दुसऱ्या द्रव्याने जागा करायचा, तीव्र वासाने भेदायचा, धुरी द्यायची आणि शेवटी फुलांचा सहवास घडवायचा. आजचा अत्तर बनवणारा वेगळे शब्द वापरेल, पण ‘बोध’ नावाची पायरी असावी हे मला फार आवडतं.

आता फळाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. या सगळ्या जुन्या पसाऱ्यात फळं आहेत, पण कुठली? जायफळ, कंकोळ, वेलदोडा अशी वाळलेली, तेलकट, मसाल्याच्या डब्यातली. रसाळ फळ क्वचित येतं. वराहमिहिराच्या मुखवासात जायफळ, कस्तुरी आणि कापराबरोबर सहकार, म्हणजे सुवासिक आंबा, आणि मध आहे. वात्स्यायनाने ‘कामसूत्रा’त शौकीन नागरिकाच्या उशाशी ठेवायच्या वस्तू सांगितल्या आहेत. उटी, फुलं आणि विड्यांबरोबर तिथे महाळुंगाची साल आहे.

साल, गर नव्हे. याला कारण आहे. लिंबाच्या जातीच्या फळांच्या सालीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात. साल दुमडली की तेल उडतं, दिव्यासमोर संत्र्याची साल पिळणाऱ्या कोणत्याही पोराला हे माहीत असतं. बाकीच्या फळांचा सुवास गरात अत्यल्प प्रमाणात, पाण्यात मिसळलेला असतो. उष्णता लागली की तो बदलतो. घोलवडचे चिकू भट्टीवर चढवले तर अत्तर मिळणार नाही, शिजलेला चिकू मिळेल. वसई-आगाशीकडच्या राजेळी केळ्यांचा वास जपायचा तर लोकांनी वेगळीच वाट काढली: केळी वाळवून सुकेळी केली. वास टिकला, पण खायच्या पदार्थात. अंगाला लावायच्या तेलात केळं कधीच गेलं नाही.

अंगावर फळ आलं ते विधीतून. नरक चतुर्दशीची पहाट घ्या. सुगंधी तेल अंगाला चोळायचं, मग उटणं. त्यात चंदन, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी आणि वाळवलेली संत्र्याची साल. लाकूड, मुळं आणि फळाची साल एकाच वाटीत. आणि कोकणपट्टीत तुळशीपुढे कारीट पायाच्या अंगठ्याने फोडायचं. कडू फळ, म्हणजे नरकासुर. त्याचा रस जिभेला लावून थुंकायचं. फळाला अर्थ द्यायचा तो असा, कृतीतून, तोंड कडू करून. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या हातात महाळुंग आहे. तेही बियांनी भरलेलं सुफलतेचं फळ, पण देवीच्या हातात. पंढरपूरचा काळा बुक्का, देवाला लावलेलं गंध, अबीर, हे सगळे अंगावर घालायचे अर्थच होते. ते कुणाला वाचून दाखवावे लागत नव्हते.

लाकडाच्या घरात पुढची मोठी क्रांती भट्टीने केली. ऊर्ध्वपातनाची कला सुगंधात रुजली आणि अत्तर आजच्या रूपात आलं. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात गुलाबाच्या अत्तराचं श्रेय सासूला, नूरजहानच्या आईला देतो. गुलाबपाणी करताना वर जमलेला तेलकट तवंग तिने वेगळा काढला. अकबराच्या बेगमांपैकी सलीमा सुलतान बेगमने त्याला ‘इत्र-ए-जहांगिरी’ नाव दिलं. बादशहाने सासूला मोत्यांचा सर दिला आणि अत्तराला स्वतःचं नाव लागू दिलं. वाटणी नेहमीचीच.

कनौजमध्ये ही पद्धत अजून चालते. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपतात, खाली लाकडं पेटवतात. देगेतून बांबूचा चोंगा निघून भपक्यात जातो, भपका पाण्याच्या हौदात बुडालेला असतो. भपक्यात आधीच तेल ओतलेलं असतं, आणि परंपरेने ते तेल चंदनाचं. गुलाब, केवडा, मोगरा, पहिल्या पावसाचा वास देणारी भाजलेली माती, वाफेतून जे काही येईल ते चंदन पोटात घेतं. पाणी खाली बसतं ते काढून टाकायचं, नवी फुलं घालायची, पुन्हा भट्टी. असं कित्येक दिवस. बाटलीवर नाव फुलाचं लागतं, पण बाटलीत घर चंदनाचं असतं. शमामा नावाच्या अत्तरात तर नागरमोथा, जटामांसी, लवंग, जायपत्री आणि दगडफूल पडतं. तेच दगडफूल, जे आपल्या गोड्या मसाल्यात जातं.

चंदनच का? त्याचे सुगंधी रेणू, सँटॅलॉल, जड असतात आणि सावकाश उडतात. हलक्या वासांना ते धरून ठेवतात. कातडीवर चंदन तासन्‌तास राहतं, त्याच्यासोबत मोगराही राहतो. शिवाय तेल असल्याने मद्यार्क लागत नाही. त्यामुळे मशिदीत जाणाऱ्याला चाललं आणि देवघरात बसणाऱ्यालाही.

महाराष्ट्रात हे अत्तर गावोगाव नेलं ते अत्तार मंडळींनी. आठवडी बाजारात आणि जत्रेत त्यांच्या पेटीत अत्तराच्या कुप्या, उदबत्त्या, अबीर, बुक्का आणि कुंकू एकत्र असे. मुसलमान विक्रेता आणि विठ्ठलाचा बुक्का, यात कुणाला नवल वाटत नव्हतं. दरबारांमध्ये अत्तर-गुलाब आणि पानसुपारी झाली की बैठक संपली असं समजायचं. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली त्या काळच्या मराठी दरबारांची ही रीत. पुढे इंग्रजांनीही आपल्या दरबारांत ती उचलली. लग्नात मांडवाच्या दाराशी मुली गुलाबदाणी आणि अत्तरदाणी घेऊन उभ्या राहत, पाहुण्याच्या हाताच्या पाठीवर अत्तराची रेघ ओढत. कानाच्या पाळीत फाया खोचलेले आजोबा आता फोटोतच दिसतात.

फळाचं नशीब उघडलं ते 1851 मध्ये. लंडनच्या हाईड पार्कमधल्या महाप्रदर्शनात पेअर, सफरचंद आणि अननस यांचे कृत्रिम अर्क मांडले होते. रसायनशास्त्रज्ञ हॉफमन याने त्यांची तपासणी केली. पेअरचा आणि सफरचंदाचा वास ज्यापासून बनला ते होतं फ्युजेल तेल, दारू गाळताना मागे राहणारा उग्र, मळमळवणारा द्रव. त्यावर आम्लांची क्रिया केली की त्यातून एस्टर नावाचे पदार्थ तयार होतात आणि त्यांना पिकल्या फळाचा वास येतो. तेव्हा पेअर म्हणून विकला गेलेला पदार्थ आज आपण केळ्याच्या गोळीत ओळखतो. वसईच्या केळीबागांचा वास बाटलीत बसला, पण वसईतून नव्हे.

तरी एस्टर अंगावर टिकत नाहीत, मिनिटांत उडतात. गोळ्या-सरबतांना ते पुरलं, अत्तराला पुरेना. 1908 च्या सुमारास पीच फळाचा वास देणारा एक जड लॅक्टोन सापडला आणि 1919 मध्ये पॅरिसच्या गेर्लाँने ‘मित्सुको’ काढलं. त्यात हा पीच ओकमॉस नावाच्या दगडफुलासारख्या शैवाकाच्या आणि लाकडाच्या वासावर बसवला होता. फळाला लाकडाची बैठक मिळाली. आज बाटलीवर जी जोडी आपण वाचतो तिचं लग्न तिथे लागलं.

लाकडाची मात्र याच विसाव्या शतकात दैना झाली. चंदनाची निर्यात जर्मनीत गाळण्यासाठी होत असे. पहिल्या महायुद्धाने ती अडली, तेव्हा 1916 मध्ये म्हैसूर संस्थानाने स्वतःचा चंदनतेलाचा कारखाना काढला. पण झाड सरकारचं. कुणाच्याही अंगणात उगवलं तरी मालक सरकार, त्यामुळे लावण्यापेक्षा न लावलेलं बरं असं लोकांनी ठरवलं. उरलेलं चोरांनी कापलं. कर्नाटकाने 2001 मध्ये कायदा बदलून मालकी जमीनमालकाला दिली. पण चंदन घाईचं झाड नाही. ते शेजारच्या झाडांच्या मुळांवर अर्धं पोसलं जातं आणि गाभ्यात वास धरायला पंधरा-वीस वर्षं घेतं. खऱ्या चंदनतेलाचा भाव आता किलोला लाखाच्या वर आहे. म्हणून कनौजच्या कित्येक भपक्यांतही चंदनाच्या जागी बिनवासाचं पॅराफिन किंवा रासायनिक द्रावक आलं, आणि चंदनाचा वास देणारे रेणू कारखान्यात बनू लागले.

म्हणजे त्या बोटभर बाटलीत डाळिंब डाळिंबाचं नाही आणि चंदनही बहुधा चंदनाचं नाही. याने वास वाईट ठरत नाही. मित्सुकोचं पीचही झाडावरचं नव्हतं आणि ते शंभर वर्षं टिकलं. माझी तक्रार चिठ्ठीबद्दल आहे. प्रयोगशाळेत बनलेल्या अंजिराला आत्मज्ञान चिकटवून दुप्पट दाम लावणं ही शुद्ध दुकानदारी. सोपाऱ्याचा पूर्ण बाजारात लाकूड चाचपून, गार लागतंय का पाहून मग पैसे मोजत होता.

घेणाऱ्याने तेवढंच करावं. शे-दोनशे रुपयांच्या बाटलीत अस्सल चंदन असणं शक्य नाही, हा हिशेब आधी मनात धरावा. दुकानात नाकाशी येतं ते फळ, आणि विक्री त्याच्यावर होते. तेव्हा मनगटावर एक रेघ घ्या, पैसे न देता घरी या, आणि रात्री जेवणानंतर मनगट हुंगा. फळ गेलेलं असेल. जे उरलं असेल ते आवडलं तरच दुसऱ्या दिवशी जाऊन बाटली घ्या.